हसत नाही ती जेवायला बोलावते, हसतो तो बोलावत नाही

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे मधूनच वाचायला लागलेल्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारी मुलगी नाशिकची, सात महिन्यांपूर्वी लंडनला नोकरीवर रुजू झाली. शेजारच्या टेबलावर पन्नाशीच्या एक रशियन सहकारी बसतात. चार महिने त्या कामापुरतं बोलल्या, एकदाही हसल्या नाहीत, आणि आता अचानक येत्या रविवारी त्यांनी घरी जेवायला बोलावलंय. काम ज्यांच्यासाठी चालतं ते ग्राहक टोकियोचे. त्यांचे साहेब व्हिडिओ कॉलवर तासभर ‘हाय, हाय’ म्हणत मान डोलवत होते, शेवटी ‘विचार करून बघतो’ म्हणाले. त्याला सहा आठवडे झाले, उत्तर नाही. मॅनेजर इंग्रज. पहिल्या दिवसापासून नावाने हाक मारतो, सतत हसतमुख, प्रत्येक कामाला ‘क्वाइट गुड’ म्हणत आला, आणि सहामाही अप्रेझलमध्ये मात्र ‘सुधारणेला बराच वाव आहे’ असं लिहून मोकळा झाला. तिने विचारलंय, ‘या तिघांत खरं कोण बोलतं? मी विश्वास कोणावर ठेवायचा?’

आता तुमच्याशी बोलते. तुम्ही शेवटी लिहिलंय, ‘ताई, मला अगं-तुगं केलंत तरी चालेल.’ आपण अजून भेटलो नाही, म्हणून मी ‘तुम्ही’च म्हणते आहे, राग मानू नका. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर खरं तर त्या एका वाक्यातच आहे. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर कधी यायचं, आधी कोणी यायचं, आल्यावर काय काय बदलतं, हे आपल्याला कोणी बसवून शिकवलेलं नसतं. आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’ का, हे लहानपणी कधी विचारलंत का? घरातून उचललं आणि झालं. तुमच्या तिन्ही माणसांनी आपापल्या घरातून असंच काहीतरी उचललेलं आहे. ते तुम्हाला दिसत नाही, कारण तिघांशीही तुम्ही इंग्रजीत बोलता, आणि इंग्रजीत सगळेच ‘यू’.

मी कुठून बोलते तेही सांगते. पुण्यात १९८०च्या दशकात मी रशियन शिकले. तेव्हा तुमच्या नाशिकजवळ ओझरला मिग विमानं बांधली जात होती, सोव्हिएत तंत्रज्ञांचं येणं-जाणं होतं, रशियन येणाऱ्याला काम मिळायचं. १९९१ साली सोव्हिएत संघच उरला नाही, कामं आटली, आणि मी पुन्हा वर्गात जाऊन बसले, या वेळी जपानीच्या. पुढची जवळजवळ वीस वर्षं कारखान्यांच्या बैठकांत दुभाषाचं काम केलं. गेली बारा वर्षं इंग्लंडमध्ये डर्बीला राहते. जवळच बर्नॅस्टनला टोयोटाचा कारखाना आहे, त्यामुळे जपानी कुटुंबं इथेही भेटतात. दोन माणसांच्या मध्ये बसून एकाचं बोलणं दुसऱ्याच्या पदरात घालणं हेच मी आयुष्यभर केलं, आणि माझ्या बहुतेक चुका शब्दांच्या नव्हत्या, रीतीच्या होत्या.

तर तुमचा प्रश्न. तिघंही खरंच बोलताहेत. अडचण अशी आहे की ‘परका’ आणि ‘आपला’ यांच्यामधली रेघ प्रत्येकाने वेगळ्या ठिकाणी ओढलेली आहे. रशियन माणूस रेघेबाहेरच्याला काही दाखवत नाही आणि आतल्यापासून काही लपवत नाही. जपानी माणसाची रेघ बैठकीगणिक सरकते, कारण ती एकट्या माणसाभोवती नसून गटाभोवती असते. इंग्रज माणूस सगळ्यांना पहिल्याच दिवशी अंगणात घेतो, पण माजघरात फार थोड्यांना, आणि ते दार कुठे आहे हे कधी सांगत नाही. तुम्ही तिघांनाही एकाच मापाने मोजताय, ‘माझ्याशी गोड वागतं का’ या मापाने. त्या मापात इंग्रज पहिला येतो आणि रशियन शेवटी, आणि तिथेच फसगत होते.

एक मात्र आधीच कबूल करते. मी ‘रशियन माणूस’, ‘जपानी माणूस’ म्हणते तेव्हा ते सोयीसाठी. ओसाकाचा दुकानदार टोकियोच्या बँकवाल्यापेक्षा कितीतरी मोकळा असतो. यॉर्कशरचा माणूस लंडनवाल्यासारखं आडून बोलत नाही. मॉस्कोतली आयटीतली तरुण मुलं पहिल्याच दिवशी एकमेकांना ‘तू’ म्हणतात. वय, गाव, कंपनी, परदेशात किती वर्षं काढली, यावर पुष्कळ अवलंबून असतं. आपल्याकडे कोल्हापूरचं आदरातिथ्य आणि पुण्याचं आदरातिथ्य एक आहे का? तसंच.

रशियन सहकारींपासून सुरुवात करते, कारण रविवार तोंडावर आलाय.

हसण्याचं आधी. रशियन भाषेत म्हण आहे, ‘स्म्येख बेझ प्रिचिनी, प्रिझ्नाक दुराचिनी’: कारणाशिवाय हसणं हे मूर्खाचं लक्षण. लहान मुलांना ती ऐकवतात. हसू हे कोणासाठी तरी असतं, ते असं रस्त्यात वाटायचं नसतं. दुकानातली बाई गिऱ्हाइकाकडे बघून हसत नाही, कारण ती तुम्हाला ओळखत नाही, आणि न ओळखता हसणं तिला खोटं वाटतं. २०१८ साली रशियात फुटबॉलचा विश्वचषक झाला, तेव्हा परदेशी पाहुण्यांसाठी रेल्वे कर्मचाऱ्यांना हसतमुख राहायचं मुद्दाम शिकवावं लागलं होतं. तेव्हा चार महिने त्या हसल्या नाहीत याचा अर्थ ‘तुम्ही त्यांना आवडत नाही’ असा नव्हता. त्यांनी तुम्हाला खोटं काही दिलं नाही, एवढाच होता.

पण ‘परक्याशी कोरडे’ एवढ्यावर थांबलात तरी चुकाल. १९८८च्या हिवाळ्यात मी मॉस्कोत ट्रामच्या थांब्यावर उभी होते, टोपी पिशवीत. एक आजीबाई आल्या, माझ्याकडे बघितलं आणि ओरडल्याच, ‘डोकं उघडं टाकून कुठे चाललीस? आई नाही का तुला?’ नुसतं बोलून थांबल्या नाहीत. हातातली जाळीची पिशवी बर्फावर ठेवली, माझ्या गळ्यातला स्कार्फ सोडला, डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारली, गाठ ओढून घट्ट आहे ना ते बघितलं, पिशवी उचलली आणि ट्राममध्ये चढून गेल्या. हसल्या नाहीत, नाव विचारलं नाही. मी तिथे उभ्या उभ्या रडले, कारण घर सोडल्यापासून मला कोणी हात लावला नव्हता.

दुसरी गोष्ट आज्ञार्थाची. तुम्ही लिहिलंय की त्या ‘सेंड मी द फाइल टुडे’ असं तोडून लिहितात. रशियनमध्ये ‘मीठ द्या’ हे सभ्य वाक्य आहे, ‘पझालस्ता’, म्हणजे ‘कृपया’, जोडलं की पुरे. आपणही ‘जरा मीठ द्या हो’ म्हणतो, त्या ‘जरा’त आणि ‘हो’त सगळा विनय येतो. तेच इंग्रजीत शब्दाला शब्द ठेवून म्हटलं की टेबलावरचे सगळे गप्प होतात. इंग्रजीत विनंतीला प्रश्नाचा आणि ‘शक्य असेल तर’चा पदर लागतो. त्या मनात रशियन वाक्य जुळवतात आणि बोटांनी इंग्रजी टाइप करतात. तुम्ही घरी ‘फाइल पाठव गं आज’ म्हणता, त्याच सुरात ते वाचा.

तिसरी गोष्ट हाकेची. रशियनमध्ये ‘ति’ म्हणजे तू, ‘वि’ म्हणजे तुम्ही. आपल्यासारखंच तिकडे वडिलांचं नाव मधे असतं. पण आपल्याकडे ते रेशनकार्डावर आणि लग्नपत्रिकेत राहतं, तिकडे ते हाकेत येतं. प्योत्रचा मुलगा इव्हान तो इव्हान पेत्रोविच, मुलगी आन्ना ती आन्ना पेत्रोव्ना. शिक्षक, डॉक्टर, वयाने मोठे सहकारी यांना अशी दोन नावांची हाक आणि ‘वि’. लंडनच्या ऑफिसात पंचविशीची मुलं पन्नाशीच्या बाईंना पहिल्याच दिवशी नुसत्या नावाने हाक मारतात. त्यांना सवय झालेली असते, पण कानाला गोड लागतं असं नाही. रविवारी त्यांना वडिलांचं नाव विचारा, आणि एकदा पूर्ण हाक मारून बघा. मी हे अनेकांना सुचवलंय, आणि हाक ऐकून चेहरा सैल न झालेला माणूस मला अजून भेटलेला नाही. मग त्या स्वतःच म्हणतील, ‘नको, नुसतं नाव पुरे.’ ते मोठ्याने म्हणायचं असतं, धाकट्याने नाही.

आणि मग त्यांचं स्वयंपाकघर. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्या काळात, १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून, देशभर पाच-पाच मजल्यांच्या एकसारख्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांतलं स्वयंपाकघर जेमतेम पाच-सहा चौरस मीटरचं. चार माणसं बसली की गुडघ्याला गुडघे लागायचे. बाहेर मोकळं बोलणं अंगाशी येण्याचे दिवस होते, म्हणून खरं बोलणं तिथे, बंद दाराआड, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चालायचं. रशियन मैत्री अजूनही तिथलीच आहे. एकदा आत घेतलं की ‘कशी आहेस?’ला खरं उत्तर द्यायचं. इंग्रजी ‘फाइन, थँक्स’ म्हणालात तर ‘मला नाही सांगायचं का?’ म्हणून वाईट वाटून घेतील. आजारी पडलात तर विचारायला फोन करणार नाहीत, सूप घेऊन दारात उभ्या राहतील. तुमचा निर्णय चुकतोय असं वाटलं तर तोंडावर सांगतील. तेव्हा ते चार महिने आणि हे आमंत्रण यांत विसंगती काहीच नाही. चार महिने त्या तुम्हाला बघत होत्या, आता बघून झालंय.

जपानी साहेबांकडे वळते. ‘हाय’ म्हणजे ‘हो’ असं पहिल्या धड्यात शिकवतात आणि तिथेच घोळ होतो. लहानपणी आजी गोष्ट सांगताना हुंकार द्यायला लावायची ना? हुंकार थांबला की म्हणायची, ‘झोपलीस का गं?’ त्या हुंकाराला जपानीत आयझुची म्हणतात. ‘हाय, हाय’ हा तो हुंकार आहे: ऐकतोय, कळतंय, पुढे बोला. पसंत आहे की नाही, हे त्यात कुठेच नाही. हुंकार दिला नाही तर बोलणाऱ्याचा अपमान होतो, म्हणून ज्या प्रस्तावाला ते नकार देणार आहेत त्यालाही तो मन लावून दिला जातो.

आता ‘विचार करून बघतो’. ते बहुधा ‘केन्तो शिमास’ म्हणाले असतील आणि दुभाषाने तसं भाषांतर केलं असेल. दुभाष्यांच्या वर्गात यावर एक हकीकत हमखास सांगतात. १९६९ साली वॉशिंग्टनला अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन आणि जपानचे पंतप्रधान सातो भेटले. जपानी कापडाच्या निर्यातीला आळा घाला, ही अमेरिकेची मागणी होती. सातो ‘झेन्शो शिमास’ म्हणाले असं सांगतात, म्हणजे ‘योग्य ते करतो’. अमेरिकनांनी ते वचन समजलं, जपानी कानाला ते ‘बघू’ होतं. पुढे काही हललं नाही आणि निक्सन संतापले. नेमके शब्द काय होते यावर वाद आहेत, पण आम्हा दुभाष्यांना त्यातला धडा पुरतो. आणि ‘बघू’ म्हणजे काय, हे मराठी माणसाला शिकवायला नको. मुलगी बघायला आलेले लोक ‘पत्रिका बघून कळवतो’ म्हणतात, तेव्हा वधूपित्याला पाहुणे फाटकाबाहेर पडायच्या आत उत्तर कळलेलं असतं.

तरीही सहा आठवड्यांची शांतता म्हणजे नकारच, असं मी म्हणणार नाही. जपानी कंपनीत बैठकीतला साहेब एकटा ‘हो’ म्हणत नाही. आधी संबंधित प्रत्येकाशी वेगवेगळं बोलून सगळ्यांची संमती घेतली जाते, मग बैठकीत फक्त शिक्कामोर्तब. याला नेमावाशी म्हणतात. मूळ शब्द माळीकामातला आहे: मोठं झाड दुसरीकडे लावायचं असेल तर बऱ्याच आधी मुळांभोवती खणून ती तयार करून घेतात, एकदम उपटत नाहीत. माझी पारख अशी की या सहा आठवड्यांत त्यांच्या हाताखालच्या माणसांकडून बारीकसारीक प्रश्न येत असतील, अमुक आकडा कुठून आला, तमुक चाचणी कोणी केली, तर मुळं खणणं चालू आहे. थांबा, आणि प्रत्येक प्रश्नाला पूर्ण उत्तर द्या. प्रश्न एकही नसेल आणि नुसत्या हवामानाच्या चौकश्या असतील, तर उत्तर मिळालेलं आहे. कुठल्याही परिस्थितीत ‘हो की नाही ते कळवा’ असा मेल टाकू नका. तो त्यांना नकार तोंडाने उच्चारायला भाग पाडतो, आणि तोच प्रसंग टाळण्यासाठी एवढा सगळा खटाटोप असतो. तुमच्या बरोबरीच्या माणसाला विचारा, ‘आमच्याकडून आणखी कुठली माहिती दिली तर तुमचं काम सोपं होईल?’ त्याच्या उत्तरात सगळं कळतं.

रेघ सरकते म्हणाले, ती कशी, हे माझ्या एका चुकीवरून सांगते. एका कारखान्यात जपानी पाहुणे आले होते. त्यांनी विचारलं, आपले संचालक कुठे आहेत? मी आमच्या साहेबांच्या नावापुढे ‘सान’ लावून, आदरार्थी क्रियापद वापरून, ‘साहेब येताहेत’ हे शक्य तितक्या अदबीने सांगितलं. पाहुण्यांपैकी एक ज्येष्ठ गृहस्थ क्षणभर खाली बघत राहिले. जेवणाच्या सुट्टीत एका अनुभवी दुभाष्याने मला बाजूला घेऊन चूक समजावली. पाहुण्यांसमोर आपला साहेब हा ‘आपल्या घरातला’. आपल्या घरातल्याला पाहुण्यांसमोर मोठं करायचं नसतं, तसं केलं की पाहुणा लहान होतो. जपानी कंपनीत बाहेरचा फोन आला की अगदी शिकाऊ मुलगीही साहेबांबद्दल ‘यामादा बाहेर गेलेला आहे’ असं म्हणते, ‘सान’ गाळून, नम्र क्रियापद लावून. फोन ठेवून मागे वळली की तेच साहेब पुन्हा यामादा-सान, किंवा त्यांच्या हुद्द्याने. मराठी जिभेला हे फार जड जातं. साहेबांना एकेरी म्हणायची आपली छातीच होत नाही. आत-बाहेर, उचि आणि सोतो, हे वाचून माहीत होतं. जिभेवर बसायला मला दहा वर्षं लागली.

घरातली जपानी रीत मात्र आपल्याला पटकन ओळखू येते. मूल झालं की नवरा-बायको एकमेकांना ‘ओतोसान’, ‘ओकासान’ म्हणू लागतात, म्हणजे बाबा आणि आई. माझी आई वडिलांना आयुष्यभर ‘अहो’ म्हणायची आणि ते तिला ‘अगं ऐकलंस का’. प्रेमाचा उच्चार करायचा नाही, वेळेवर चहा समोर ठेवायचा. हे मी एका जपानी मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती खूप वेळ माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तिने माझा चहाचा पेला काही न बोलता भरला.

तुमच्या इंग्रज मॅनेजरवर तुमचा राग आहे, आणि तिघांत सगळ्यात अन्याय त्याच्यावरच होतोय असं मला वाटतं. ‘क्वाइट गुड’ आपण ‘फारच छान’ असं ऐकतो. ब्रिटिश तोंडी ते ‘ठीक आहे’च्या जेमतेम वर असतं. ‘यू माइट वॉन्ट टु हॅव अनदर लुक ॲट इट’ म्हणजे परत करा. ‘इंटरेस्टिंग’ म्हणजे मला पटलेलं नाही. सहा महिने तो तुम्हाला सांगतच होता, आणि त्याच्या मते स्पष्ट सांगत होता. सौम्य शब्द वापरायची ही सवय किती खोल आहे याची एक हकीकत ब्रिटनमध्ये नेहमी सांगतात. एप्रिल १९५१, कोरियाचं युद्ध, इमजिन नदी. ब्रिगेडियर ब्रॉडींच्या तुकड्यांना चिनी सैन्याने घेरलेलं. त्यांनी वरिष्ठ अमेरिकन अधिकाऱ्याला कळवलं, ‘थिंग्ज आर अ बिट स्टिकी, सर.’ इंग्रज कानाला ते ‘आता निभाव लागत नाही’ होतं. अमेरिकनाला वाटलं, थोडी अडचण आहे, निभेल. ग्लॉस्टरशर रेजिमेंटची बटालियन टेकडीवर अडकली आणि तिच्यातले बहुतेक सैनिक मारले किंवा पकडले गेले.

याच्या मुळाशी भित्रेपणा किंवा लबाडी आहे असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटत नाही. दुसऱ्या मोठ्या माणसाला ‘हे कर’ म्हणणं त्यांना अतिक्रमण वाटतं. म्हणून ते सूचना अर्धी सांगतात आणि उरलेली तुम्ही स्वतः ओळखावी अशी जागा सोडतात. तुमचा मान राखायची त्यांची ती पद्धत आहे. तेव्हा त्याला ‘कसं झालंय?’ विचारू नका, ‘क्वाइट गुड’च मिळेल. ‘यात दोन गोष्टी बदलायच्या झाल्या तर कुठल्या?’ विचारा. आता सांगणं हे अतिक्रमण राहत नाही, तुम्हीच बोलावलंय. तो घडाघडा बोलेल. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा पाऊण तास उठू शकले नव्हते.

नावाने हाक मारतो म्हणजे जवळीक झाली, असंही धरू नका. ते अंगण. ‘वी मस्ट हॅव लंच समटाइम’ हे आमंत्रण नसतं, ‘तुझ्याबद्दल मन साफ आहे’ एवढंच असतं. तारीख ठरली तर आमंत्रण. इथे माणसं समोरासमोर बसून जवळ येत नाहीत, शेजारी उभं राहून काहीतरी करताना येतात: भाजीचा वाफा, गाण्याचा गट, ऑफिसातला चहा. चहा करायला उठताना सगळ्यांना विचारायचं, आणि पबमध्ये आपली पाळी आल्यावर सगळ्यांचे पेले भरायचे. आपली पाळी यायच्या आत निघून जाणारा माणूस बरोबर लक्षात राहतो.

त्यांची माया कशी असते ते सांगते. आमच्या शेजारीण बाईंशी सहा वर्षं माझं पाऊस आणि गुलाब याखेरीज बोलणं नव्हतं. मग माझी शस्त्रक्रिया झाली. तीन आठवडे मला काही उचलायची मनाई होती, आणि दर आठवड्याला कचऱ्याचा जड डबा आदल्या रात्री रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवलेला असायचा, दुसऱ्या दिवशी रिकामा होऊन फाटकाच्या आत आलेला असायचा. बेल वाजली नाही, चिठ्ठी नाही. आभार मानायला गेले तर लाजून म्हणाल्या, ‘ओह, मी माझा नेतच होते ना.’ मॉस्कोच्या आजीबाईंनी माझा स्कार्फ बांधला, डर्बीच्या बाईंनी माझ्या दाराला हातसुद्धा लावला नाही. मी दोघींची सारखीच ऋणी आहे.

या तिन्ही रीती सगळ्यात लवकर कळतात त्या जेवणावर, ‘नको’ या एका शब्दातून. आपल्याकडे पहिलं ‘नको’ हे आग्रहाला आमंत्रण असतं. इंग्लंडमध्ये पहिलं ‘नो, थँक यू’ हेच शेवटचं. माझी पहिली दोन-तीन जेवणं मी भुकेली घरी आले, कारण मी रीतीने ‘नको’ म्हणत होते आणि ते रीतीने माझं ऐकत होते. जपानमध्ये पाहुण्याने संकोच दाखवायचा, यजमानाने पुन्हा विचारायचं. पेला स्वतः भरायचा नाही, शेजाऱ्याचा भरायचा, आणि पुरे झालं असेल तर आपला भरलेला तसाच ठेवायचा. रशियात तुम्ही सुटत नाही. ताट रिकामं केलंत की भरणार, आणि ‘नको’ तीनदा म्हणालात तर ‘चव बिघडली का?’ असं विचारणार. तुम्ही नाशिकच्या घरातून आलेल्या, हे तुम्हाला अवघड जाऊ नये. शेवटचा घास थोडा ताटात राहू द्या.

तर रविवार. फुलं न्या, पण विषम संख्येत. सम संख्येची फुलं रशियात अंत्यविधीला. आपण आहेर एकशे एकचा करतो तसंच समजा. जपानी लग्नातही पाकिटात बहुधा तीस हजार येन घालतात, चाळीस हजार टाळतात. इंग्लंडमध्ये गुच्छ बारा फुलांचा मिळाला तर एक काढून घरी ठेवा. पिवळी टाळा, ताटातूट होते अशी जुनी समजूत आहे. दार उघडल्यावर उंबरठ्यावरून हात मिळवू नका, वस्तूही देऊ नका. आत पाऊल टाका, मग. चपला दारात काढायच्या, त्या तुम्हाला घरात घालायच्या सपाता देतील, त्या घालाच. मांसाहार करत नसाल तर आजच सांगा, आणि चिकन, मासे असं नाव घेऊन सांगा, कारण तिथल्या बऱ्याच घरांत चिकनला कोणी मांस धरत नाही. पेला उचलताना ‘ना झ्दरोव्ये’ म्हणू नका, ते जेवणाबद्दल आभार मानणाऱ्याला द्यायचं उत्तर आहे. ‘झा व्स्त्रेचू’ म्हणा, ‘या भेटीसाठी’. दारू घेत नसाल तर सरबताचा पेला चालतो, पण तुमची पाळी आली की मनापासून दोन वाक्यं बोलायचीच. युक्रेनच्या युद्धाबद्दल, घर सोडण्याबद्दल आपण होऊन काही विचारू नका. सांगायचं असेल तर जेवण झाल्यावर चहा घेताना त्याच सांगतील, आणि तेव्हा मध्ये न बोलता ऐका.

निघताना दारात, कोट अंगात घालून, पुन्हा अर्धा-पाऊण तास जाईल, अगदी आपल्यासारखाच. रविवारी शेवटची ट्रेन किती वाजता आहे ते आधीच बघून ठेवा.